शटरचा टीव्ही आणि त्याचा खरा वारस

घराची वांटणी होते तेव्हां जमीन, दागिने, ठेवी आणि तांब्यापितळेचीं भांडीं यांचा हिशेब कागदावर येतो. परंतु प्रत्येक जुन्या घरांत अशा कांहीं वस्तु असतात कीं, ज्यांना कागदावरहि स्थान नसतें आणि नव्या घराच्या भिंतीलगतहि नसतें. मोडींत काढाव्या तर मन धजत नाहीं. ठेवून घ्याव्या तर जागा पुरत नाहीं. समया, पाटा-वरवंटा आणि वाळवी लागलेल्या पोथ्या यांविषयीं या सदरांत आम्हीं यापूर्वीं लिहिलें आहे. आजचा विषय त्या मानानें अलीकडचा आहे, आणि म्हणूनच त्याचा विचार कोणी फारसा करीत नाहीं. लांकडी कपाटांत बसविलेला, चार पायांवर उभा असणारा आणि दारें ओढून बंद होणारा जुना टेलिव्हिजन, ज्याला घरोघर 'शटरचा टीव्ही' म्हणत, तो आजचा विषय होय.

ज्या वाचकांचा जन्म १९९० नंतरचा आहे त्यांनीं ही वस्तु बहुधा पाहिलेली नसेल. म्हणून तिचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. सागवानी पापुद्रा चढविलेल्या प्लायवुडचें एक पेटाऱ्यासारखें कपाट. त्याला खालीं निमुळते, किंचित् बाहेर झुकलेले चार पाय. दर्शनी भागीं अरुंद लांकडी पट्ट्या कापडावर चिकटवून केलेलीं दोन सरकतीं दारें. तीं दोन्ही बाजूंस ओढलीं कीं खोबणींतून कपाटाच्या कुशींत नाहींशीं होत. आंत ५१ किंवा ६१ सेंटिमीटरची, फुगीर कांचेची चित्रनळी. तिच्या बाजूस चॅनेल बदलण्याची खटखटणारी कळ आणि आवाज, उजेड व चित्राची स्थिरता साधण्याचीं बटणें. दोघांनीं धरल्यावांचून हें धूड उचलत नसे.

टेलिव्हिजनला असें कपाटाचें रूप कां मिळालें? चित्रनळी मूळचीच लांब व अवजड; तिला सामावून घेणारें कांहींतरी हवें होतें. शिवाय रेडिओ व ग्रामोफोन यांचीं कपाटें बनविणारे कारागीर पाश्चात्य देशांत आधींपासूनच होते. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं नियमित चित्रप्रक्षेपण सुरू केलें. त्या काळच्या कांहीं संचांत तर नळी उभी बसवीत आणि कपाटाचें झांकण वर करून त्याच्या आंतल्या आरशांत चित्र पाहावें लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत बैठकीच्या खोलींतील मोठें लांकडी कपाट हेंच टेलिव्हिजनचें प्रतिष्ठित रूप ठरलें. यंत्र म्हणजे घरांत आलेला परका पाहुणा. त्यानें घरच्या सामानाचा वेश घेतला म्हणजे तो परका वाटत नाहीं, ही त्यामागची युक्ति.

आपल्या देशांत पहिलें प्रक्षेपण दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झालें. आरंभीं तें आठवड्यांतून दोनच दिवस असे. दैनंदिन कार्यक्रम १९६५ सालीं सुरू झाले. मुंबई केंद्राचें उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं झालें, आणि त्यानंतर सिंहगडावरील सहक्षेपणामुळें पुण्याच्या कौलांवरहि ॲल्युमिनिअमच्या काड्यांचे सांगाडे दिसूं लागले. संच बनविणारे कारखाने देशांतच निघाले होते. हैदराबादेस अणुशक्ति खात्याच्या अखत्यारींतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन 'ईसी' नांवाचे संच काढी. चित्रनळ्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें होऊं लागल्या होत्या. क्राउन, वेस्टन, टेलिव्हिस्टा, डायनोरा हीं नांवें त्या पिढींतील माणसांना आजहि नातेवाइकांच्या नांवांप्रमाणें पाठ असतात. संच घेतला कीं पोस्टांत जाऊन त्याचा परवाना काढावा लागे व मुदत संपतांच तो नवा करून घ्यावा लागे. म्हणजे टेलिव्हिजन हा त्या काळीं बंदुकीप्रमाणें परवान्याचा माल होता!

आंतलें काम थोडक्यांत असें चालतें. नळीच्या मानेंतून निघालेला इलेक्ट्रॉनांचा एकच झोत कांचेच्या आंतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, मग तिच्या खालीं दुसरी, असें करीत ६२५ ओळींचें एक चित्र पुरें होतें; आणि अशीं चित्रें सेकंदास २५ होतात. म्हणजे सेकंदास एकूण १५,६२५ ओळी झाल्या. या वेगामुळें संचांतील एक ट्रान्सफॉर्मर अति सूक्ष्म कंप पावतो व त्यांतून एक बारीक शीळ निघते. मुलांच्या कानांना ती स्पष्ट ऐकूं येते. वय वाढत जातें तसतसा इतका उंच स्वर कानाला लागेनासा होतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आमच्या घरीं हा संच १९७७ सालीं आला. ती. तात्यांनीं तो घेतला तेव्हां त्याची किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती. शटरला कुलूप होतें, आणि त्याची किल्ली तिजोरीच्या किल्लीबरोबर तात्यांच्या जानव्याला असे. दिवेलागण, शुभंकरोति आणि मुलांची परवचा हीं आटोपल्याखेरीज दारें उघडत नसत. मग बातम्या, 'आमची माती आमची माणसं', आठवड्याचें 'छायागीत', रविवारचा हिंदी चित्रपट. वाड्यांतले बिऱ्हाडकरू आणि आळींतलीं मुलें ओटीपासून उंबऱ्यापर्यंत दाटीनें बसत. कार्यक्रम संपला कीं दारें बंद, आणि वर क्रोशानें विणलेलें आच्छादन. पुढें २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रामायण दाखविलें गेलें, तेव्हां रविवारीं सकाळीं संचाला हार घालून उदबत्ती ओंवाळणारीं घरें आम्हीं स्वतः पाहिलीं आहेत.

या सगळ्यांत आम्हांला महत्त्वाचीं वाटतात तीं त्या संचाचीं दारें. ज्या यंत्राला दार आहे त्या यंत्राला आरंभ आहे आणि शेवटहि आहे. तें उघडण्याची वेळ ठरवावी लागते, आणि बंद करण्याचीहि. हल्लींच्या पडद्यांना दार नाहीं. भिंतीवरचा पडदा सदैव उघडा असतो, आणि हातांतला तर उशाखालीं घेऊनच माणसें झोंपतात. घरांत चार माणसें असलीं तर चार पडदे चालू असतात, आणि एकाला काय दिसलें हें दुसऱ्याला ठाऊक नसतें. एका दारासमोर सर्वांनीं बसावें लागे, त्या काळीं निदान हंसूं एकाच वेळीं येत असे.

परंतु जुनें तें सारें सोनें, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या दाराला किल्ली असते त्या दाराला धनीहि असतो, आणि घराला त्याच्या मर्जीनें उठावें-बसावें लागतें. कोणीं कोठें बसावें हें ठरलेलें असे. आणि कोणीं मुळींच बसूं नये, हेंहि न बोलतां ठरलेलें असे. हा दुसरा नियम इतका मुरलेला होता कीं, तो नियम आहे हेंच कोणाच्या लक्षांत येत नसे. तो कसा उघडकीस आला, हें सांगणें हाच या लेखाचा मुख्य उद्देश आहे.

गेल्या वर्षीं आमचे थोरले बंधु दादा निवर्तले. त्याच सुमारास वाडा पुनर्विकासास गेला आणि एका छपराखालचीं बिऱ्हाडें वेगवेगळ्या सदनिकांत पांगलीं. सामानाची विभागणी गोडीनें झाली. शेवटीं माजघराच्या कोंपऱ्यांत, रंगीत संच आल्यापासून म्हणजे १९८९ पासून, झांकून ठेवलेला शटरचा टीव्ही तेवढा उरला. तात्यांच्यामागें तो दादांकडे आला होता. दादांच्यामागें कोणाकडे जावा, हा प्रश्न निघाला, आणि तितकीं मतें निघालीं जितकीं माणसें होतीं. थोरला पुतण्या म्हणाला, भंगारवाला वजनावर घेऊन जाईल, जागा मोकळी होईल. धाकट्याचें म्हणणें असें कीं, आंतलें यंत्र काढून टाकावें, कपाट घासून-पुसून त्यांत पुस्तकें ठेवावीं किंवा नव्या तऱ्हेचा पातळ पडदा बसवावा. हल्लीं पुष्कळ लोक तसें करतात. मुंबईस दिलेली पुतणी म्हणाली, चोरबाजारांत अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळतें. विकून पैसे सर्वांनीं वांटून घ्यावे. बोलण्याला हळूहळू धार येऊं लागली. ज्या भावंडांचें सोन्याच्या वांटणींत बिनसलें नाहीं, तीं एका बंद पडलेल्या पेटाऱ्यावरून एकमेकांना टाकून बोलूं लागलीं. अखेर, "काका, तुम्हीच काय तो निवाडा करा," असें म्हणून त्यांनीं तो प्रश्न आमच्यावर टाकला.

आमचा पिंड संस्कृताचा, त्यामुळें आमचा हात प्रथम धर्मशास्त्राकडे गेला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वांटणीस अयोग्य अशा वस्तूंची गणना आहे. अंगावरचें वस्त्र, वाहन, अलंकार, शिजविलेलें अन्न आणि पाणी या वस्तु वांटूं नयेत, असें तेथें सांगितलें आहे. तुकडे केले असतां ज्यांचा उपयोगच नाहींसा होतो, अशा त्या वस्तु, असा त्यामागचा विचार आम्हांला दिसतो, आणि टेलिव्हिजन त्याच वर्गांत बसेल. त्याच गणनेंत स्त्रियांचाहि उल्लेख आहे. टीकाकार त्याचा अर्थ दासी असा करतात. ही गोष्ट झांकून ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं. ज्या काळीं माणसाची गणना सामानांत होई त्या काळचें तें शास्त्र आहे, हें जाणूनच तें वाचलें पाहिजे. दायाच्या जोडीला आमच्या शास्त्रकारांनीं निक्षेपाचाहि विचार केला आहे. निक्षेप म्हणजे दुसऱ्यानें विश्वासानें आपल्यापाशीं ठेवलेली वस्तु. ती जशी ठेवली तशीच परत करावी, हा तिचा नियम. दाय भोगण्यासाठीं असतो, निक्षेप राखण्यासाठीं. घरांतील जुनी वस्तु ही दाय मानावी कीं निक्षेप मानावी, या विचारांतच सगळा निवाडा आहे, असें आम्ही मुलांना सांगत होतों.

हा शास्त्रार्थ चालला असतां वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्यांचें वय आतां सत्तरीच्या पलीकडे गेलें आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हां सगळ्यांना ह्यांतलीं चित्रें आठवतात. मला नुसता आवाज आठवतो. हम लोग आणि बुनियाद ह्या दोन्ही मालिका मीं पोळपाटावरून ऐकल्या. त्यांतल्या माणसांचे चेहरे कसे होते तें मला ठाऊक नाहीं. तुमचीं पानें उचलून ओटा धुऊन होईपर्यंत तात्या दारें लावून घेत. पण रोज सकाळीं कांच पुसली ती मीं, आणि दर पंधरवड्याला आच्छादन धुतलें तेंहि मीं."

त्या हें रागानें बोलल्या नाहींत. भाजींत मीठ किती घातलें तें सांगावें, तशा सहजपणें बोलल्या. क्षणभर कोणालाच उत्तर सुचलें नाहीं. भंगाराची गोष्ट काढणारा पुतण्या उठला आणि त्यानें आईला बसावयास खुर्ची दिली.

वांटणीच्या कोणत्याहि कागदांत हा मुद्दा येत नाहीं. कायद्यानें आपल्याकडे पुष्कळ मजल मारली आहे. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानें १९३७ सालीं हिंदु विधवेला पतीच्या मालमत्तेंत मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें स्त्रीच्या मालकीवरची ती मर्यादा दूर केली. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, आणि २००५ सालीं सर्व देशानें, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलीला मुलाप्रमाणें जन्मतः वांटा दिला. हें सर्व योग्य झालें आणि फार उशिरा झालें. परंतु कायदा मालकी ठरवितो. सांभाळ कोणीं केला हें तो विचारीत नाहीं. जमिनीच्या बाबतींत तें चालून जाईल. घरांतील वस्तूंच्या बाबतींत मात्र, जिच्या हातानें ती वस्तु टिकली तिला बाजूस ठेवून वारस ठरविणें हा न्याय नव्हे. तात्यांनीं संच आणला, दादांनीं त्याच्यावर हक्क सांगितला, आणि वहिनींनीं तो राखला. राखणें हाच ज्या वस्तूचा धर्म, तिचा वारस राखणाराच असला पाहिजे. म्हणून आमचा निवाडा असा झाला कीं, संच वहिनींचा, किल्लीहि वहिनींपाशीं, आणि तो चालता करण्याचा खर्च तिन्ही मुलांनीं सारखा सोसावा. मुलांनीं तो आनंदानें मान्य केला.

येथपर्यंत नीतीची बाजू झाली. आतां सांभाळाचें शास्त्र सांगणें अवश्य आहे. कारण पुष्कळ घरांत असे संच झांकून पडले आहेत, आणि केवळ उत्साहानें त्यांना हात लावणें धोक्याचें आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, वर्षानुवर्षें बंद असलेला संच चालतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याची पिन एकदम भिंतींत खुपसूं नये. आंत जे मोठे कंडेन्सर असतात ते न वापरल्यामुळें सुकतात व निकामी होतात. त्यांच्यावर एकाएकीं पूर्ण दाब आला तर ते फुटतात, आणि बरोबर दुसरे भागहि जळतात. जाणता कारागीर आधीं हे कंडेन्सर बदलतो, आणि मग शंभर वॅटचा दिवा मालिकेंत जोडून किंवा वीजदाब हळूहळू चढविणारें यंत्र लावून संचाला थोडथोडी वीज देतो. दीर्घ उपवास सोडणाऱ्याला आधीं पातळ पेज देतात, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संचाच्या मागची फळी घरच्या माणसानें उघडूं नये, मग तो कितीहि शिकलेला असो. चित्रनळीला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि पिन काढून घेतल्यानंतरहि तो नळीच्या कांचेंत सांठून राहूं शकतो. त्या काळच्या पुष्कळ संचांत आंतला लोखंडी सांगाडाच विजेच्या तारेला जोडलेला असे. शिवाय नळी आंतून निर्वात असते. तिच्या मानेला धक्का बसला तर कांच आंत दबून फुटते व तिचे तुकडे चोहीकडे उडतात. म्हणून संच हलवितांना तो पालथा घालूं नये, आणि दोघांनीं खालून धरून उचलावा.

तिसरी गोष्ट लांकडाची. जुन्या कपाटांवर बहुधा लाखेचें पॉलिश असतें. त्याला ओलें फडकें लावलें कीं पांढरे डाग पडतात. म्हणून कोरडें, मऊ सुती कापडच वापरावें. पावसाळ्यांत कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें, म्हणजे ओल व वाळवी यांचा शिरकाव लवकर ध्यानांत येतो. शटर अडकूं लागलें तर त्याच्या खोबणींत तेल सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. तेलानें धूळ धरते आणि पट्ट्या ज्या कापडावर चिकटविलेल्या असतात त्याची खळ सुटते. खोबण कोरड्या कुंचल्यानें साफ करून तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घांसावा, एवढें पुरतें. मागच्या भोंकांतून उंदीर आंत जाऊन तारा कुरतडतात, त्यावरहि लक्ष असावें.

चौथी गोष्ट चित्राची. ज्या लहरींतून हे संच चित्र घेत त्या लहरी आतां आकाशांत जवळजवळ उरलेल्या नाहींत. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं भूप्रक्षेपण केंद्रें टप्प्याटप्प्यानें बंद होत गेलीं, आणि २०२२ पर्यंत थोडे अपवाद वगळतां त्यांचें काम संपलें. त्यामुळें छपरावरचा ॲंटेना पुन्हां उभा केला तरी पडद्यावर मुंग्याच दिसतील. उपाय आहे, आणि तो महाग नाहीं. तबकडी-ॲंटेनाच्या पेटींतून किंवा संगणकांतून निघणारें चित्र मॉड्युलेटर नांवाच्या लहानशा यंत्रांतून नेलें, तर तें जुन्या चॅनेलच्या रूपांत बाहेर पडतें व संच तें ओळखतो. संचामागें चपट्या दुहेरी तारेच्या खुंट्या असतात, त्यांना आजची गोल तार जुळविण्यासाठीं एक छोटा जोड लागतो; तो बाजारांत मिळतो.

पांचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची. जुना संच चालू असतांना त्याच्यासमोर कोणीतरी माणूस असलेंच पाहिजे. चालू ठेवून दुसऱ्या खोलींत निघून जाऊं नये; पाहून झालें कीं पिन काढून ठेवावी. महिन्यांतून अर्धा तास चालविला तर तो बंद ठेवलेल्या संचाहून अधिक टिकतो. म्हणजे या यंत्राची अट एवढीच आहे कीं, त्याच्याकडे पाहावयाचें तर बसून पाहावें, आणि उठावयाचें तर तें बंद करून उठावें. तात्यांच्या शिस्तीचा जो भाग घेण्यासारखा होता, तो या यंत्राच्या प्रकृतींतच आहे. किल्लीचा धाक त्यासाठीं लागत नाहीं.

ज्यांना हें जमण्यासारखें नाहीं त्यांनीं संकोच न करतां संच सोडावा. परंतु सोडण्याचीहि रीत आहे. नळीच्या कांचेंत शिसें असूं शकतें, आणि रस्त्यावर ती फोडून तांबें काढणाऱ्या मुलांच्या हातांना व फुप्फुसांना त्याची किंमत द्यावी लागते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, आणि टेलिव्हिजन त्यांत येतो. अधिकृत केंद्राकडेच तो द्यावा. कपाट ठेवून आंतलें काढावयाचें असेल तर नळी कारागिराकडून काढून घ्यावी, आणि यंत्राचे भाग फेंकण्यापूर्वीं जुने संच दुरुस्त करणाऱ्यांस विचारावें. आपल्या घरचा निरुपयोगी भाग दुसऱ्याच्या संचाला प्राण देऊं शकतो. धाकट्या पुतण्याच्या मताला आमचा विरोध तत्त्वाचा नव्हता. चालूं शकणारें यंत्र केवळ शोभेसाठीं पोकळ करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें होतें.

आमच्या घरचा संच एका वयोवृद्ध कारागिरानें तीन आठवडे खपून चालता केला. नव्या जागेंत तो वहिनींच्या खोलींत भिंतीपासून वीतभर पुढें उभा राहिला. भाऊबिजेला सर्व भावंडें जमलीं होतीं. थोरल्या पुतण्यानें पेटी व मॉड्युलेटर जोडून बुनियादच्या एका भागाचें मुद्रण लावलें. वहिनींनीं किल्लीनें कुलूप काढलें आणि दारें दोन्ही हातांनीं दोन्ही बाजूंस सारलीं. स्वयंपाकघरांत त्या दिवशीं मुलगे होते. नळी तापेपर्यंत कांहीं क्षण नुसता अंधार होता, मग करडें चित्र हळूहळू वर आलें. वहिनी पुढें वांकून एकेक चेहरा पाहूं लागल्या. "हा होय तो!" असें त्या मधूनच म्हणत, आवाज ओळखीचा होता, चेहरा चाळीस वर्षांनीं दिसत होता.

इतक्यांत दोन्ही नातवंडांनीं कानांवर हात ठेवले. "आजोबा, ही शीळ कसली वाजते?" असें त्यांनीं विचारलें. आम्हांला कांहींच ऐकूं येत नव्हतें, वहिनींनाहि नाहीं, आणि पन्नाशीच्या घरांत आलेल्या पुतण्यांनाहि नाहीं. तीच ती पंधरा हजार सहाशें पंचवीस ओळींची शीळ. ती संचांत पूर्वींइतकीच वाजत होती. ऐकणारे कान तेवढे खालच्या पिढीकडे गेले होते. निक्षेप कशाला म्हणतात हें मुलांना समजावून देण्यास आम्हांला जें शास्त्रांतून जमलें नव्हतें, तें त्या शिळेनें सहज केलें. ठेव ज्याच्यासाठीं ठेवावयाची, तो आपल्याच खोलींत बसलेला असतो.

वाचकांना आमची विनंति एवढीच आहे. आपल्याहि घरांत असें कांहीं झांकून ठेवलेलें असेल. टीव्ही नसेल तर शिवणयंत्र असेल, रेडिओ असेल, आजीचा हार्मोनिअम असेल. त्याची वांटणी करण्यापूर्वीं तें कोणीं आणलें हें जसें विचारतां, तसें तें कोणीं पुसलें हेंहि विचारावें. तें माणूस घरांत असेल तर पहिला शब्द त्याचा असूं द्यावा. आणि वस्तु कोणत्या सालीं आली, कोणीं वापरली, कोणीं राखली, दुरुस्त कोणीं केली आणि तिच्यांत धोका कोठें आहे, हें एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून तो कागद वस्तूच्या पाठीवर बाहेरून चिकटवावा. आमच्या संचाच्या पाठीवर तसा कागद आहे, आणि त्यावर पहिलें नांव वहिनींचें आहे.